झाडं लावायला एम.ए. कशाला?

निकालाचे दिवस आले की आमच्या घरचा फोन दिवसभर वाजतो. पेपरात काम करणाऱ्या माणसाला सगळ्या कॉलेजांची माहिती असते, असा आमच्या नातेवाईकांचा गोड गैरसमज आहे. परवा जत तालुक्यातून भाचीचा फोन आला. यंदा तिचं बी.ए. झालं, राज्यशास्त्र घेऊन. म्हणाली, "मामा, मला पर्यावरणाचं राजकारण आणि धोरण या विषयात एम.ए. करायचंय. पप्पा ऐकत नाहीत. तुम्ही बोला ना."

मग दाजींनीच फोन घेतला. दाजी डाळिंबवाले शेतकरी, सरळ माणूस. म्हणाले, "काय ओ पाव्हणं, झाडं लावायला एम.ए. कशाला पायजे? आमच्याकडचा गडी सातवी नापास हाय, त्यानं बांधावर दोनशे झाडं जगवल्यात. एमपीएशी कर म्हणावं तिला, न्हाईतर बी.एड."

मी हसलो. पण उत्तर मात्र सुचेना. रात्री जेवण झाल्यावर लिहायला बसलो, आणि हे लांबतच गेलं. सवडीनं वाचा.

दाजींची चूक नाही. पर्यावरण म्हणजे झाडं, असं आपणच सगळ्यांना शिकवलंय. ५ जून आला की पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण, एका रोपाला दहा हात लावलेला फोटो, आणि दुसऱ्या दिवशी पान तीनवर बातमी. गेली वीस-बावीस वर्षं असले फोटो मीही छापतोय. काही ठिकाणी तर दरवर्षी खड्डासुद्धा तोच असतो.

कॉलेजात वेगळं काय आहे? २२ नोव्हेंबर १९९१ ला सुप्रीम कोर्टानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल दिला. शाळा-कॉलेजांत पर्यावरण सक्तीचा विषय करा, थिएटरमध्ये पर्यावरणाच्या स्लाईड फुकट दाखवा, असं त्यात होतं. पुढं २००३ मध्ये कोर्टाला पुन्हा कान पिळावे लागले, तेव्हा कुठं पदवीला सक्तीचा पेपर आला. ज्यांनी या वीस वर्षांत बी.ए., बी.कॉम. केलंय त्यांना तो आठवत असेल. म्हणजे आठवणार नाहीच, तीच तर अडचण आहे. ओझोनचा थर, अन्नसाखळी, प्रदूषणाचे प्रकार, पास होण्यापुरते मार्क, आणि एक प्रकल्प. तो प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात आयता मिळतो, फक्त पहिल्या पानावरचं नाव बदलायचं. मी स्वतः एका दुकानात 'आमच्या गावातील ओढ्याचे प्रदूषण' या प्रकल्पाच्या सात प्रती पाहिल्यात. सात वेगळ्या गावांची सात पोरं, ओढा मात्र सगळ्यांचा एकच.

त्या पेपरात एक गोष्ट शिकवत नाहीत. ठरवतं कोण? कुणाच्या शेताला पाणी मिळणार, कुणाचं घर पूररेषेत धरणार, कुठला डोंगर राखायचा आणि कुठला पोखरायचा, हे कुठल्या कागदावर ठरतं? तो कागद कुठल्या भाषेत निघतो? त्यावर हरकत घ्यायला किती दिवस मिळतात, आणि हरकत घेतली तर ती वाचतो कोण? भाचीला शिकायचंय ते हे. 'राजकारण' म्हटलं की आपल्याला पक्ष, पॅनेल आणि कारखान्याची निवडणूक आठवते, म्हणून दाजी बिचकले.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीचं आहे. मी पाटण तालुक्याच्या बातम्या बघायचो. पश्चिम घाटाच्या अहवालांवरून गावोगावी वातावरण तापलेलं. एका सभेत एक पुढारी कडाडले, हा गाडगीळ अहवाल लागू झाला तर गोठा बांधायलासुद्धा दिल्लीची परवानगी लागेल, गावं उठतील. मी तसंच छापलं. 'गावे उठणार' हे दोन शब्द मथळ्यात घेतले, आणि बातमी पहिल्या पानावर लागली म्हणून खूशही झालो. अहवाल मी वाचला होता का? नाही. त्याची पाचशेच्या वर पानं इंग्रजीत होती. माझी पत्रकारितेची पदविका मराठीतून झालेली, आणि बातमी द्यायची होती रात्री आठच्या आत. पुढाऱ्यांनी वाचला होता का? तेही नाही, पण हे मला नंतर कळलं.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. माणसं झोपेत गाडली गेली. आम्ही वार्तांकनाला गेलो होतो. रस्ते वाहून गेलेले, चिखल गुडघ्यापर्यंत. परतताना एका गावात शाळेत हलवलेल्या लोकांमध्ये थांबलो. तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी मला ओळखलं. म्हणाले, "त्या अहवालाच्या विरोधात आमच्या ग्रामसभेनं ठराव केला होता. तुमच्या बातमीचं कात्रण जोडलंय फायलीला." त्यांनी टोमणा मारला नव्हता. अभिमानानंच सांगितलं होतं. त्यांना वाटलं, मला बरं वाटेल.

त्यानंतर महिनाभर रोज रात्री शब्दकोश घेऊन मी तो अहवाल वाचला. अहवाल मान्य झाला असता तर त्या दरडी कोसळल्या नसत्या, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. एवढ्या पाण्यापुढं कुठला अहवाल टिकतो? पण मी काय छापलं होतं आणि कागदावर काय होतं, यातलं अंतर बघून झोप उडाली.

माधव गाडगीळ समितीनं अहवाल दिला ऑगस्ट २०११ मध्ये. सरकारनं तो जवळपास नऊ महिने दाबून ठेवला. माहिती अधिकारात मागणी झाली, माहिती आयुक्त शैलेश गांधींनी आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलं आणि हरलं, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांना बघायला मिळाला. त्यात घाटाचे तीन पट्टे सुचवले होते, पण सीमा पक्क्या नव्हत्या. त्या ग्रामसभांशी बोलून ठरवा, नियमही वरून लादू नका, असं त्यात पुन्हा पुन्हा म्हटलंय. आपल्या महाबळेश्वर-पाचगणीचं उदाहरणसुद्धा त्यात आहे. तिथं २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे. लोकांना न विचारता नियम आले, ते बाबू लोकांच्या हातात गेले आणि सामान्य माणसाला त्रास झाला, असं समितीनंच लिहून ठेवलंय. म्हणजे ज्या भीतीनं आमच्या गावांनी ठराव केले ती भीती अहवाल लिहिणाऱ्यांनाही मान्य होती. आम्ही त्यांच्याच विरोधात उभे राहिलो, कारण मधल्या माणसानं, म्हणजे मी, वाचलं नव्हतं.

पुढं २०१२ मध्ये कस्तुरीरंगन समिती आली, २०१३ ला तिचा अहवाल आला. तिनं उपग्रहाच्या चित्रांवरून गावांची यादी केली आणि ग्रामसभेला ठरवण्याचा जो मान पहिल्या अहवालात होता तो बाजूला पडला. गावांना धडकी भरवणारी यादी ती ही. मी दोन्ही अहवाल एकच समजत होतो. आजही आमच्याकडं निम्मे लोक दोन्हीला 'गाडगीळ'च म्हणतात. २०१४ पासून केंद्रानं अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. सहा राज्यांत मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० च्या आसपास. हरकतींना दर वेळी साठ दिवस. साठ दिवसांत आपण काय करतो? पहिले चाळीस दिवस कळत नाही. उरलेल्या वीसात एक सभा, एक ठराव आणि माझ्यासारख्याची एक बातमी.

या सगळ्यात एक गंमत आहे, आणि ती सातारकरांनाही फारशी ठाऊक नसावी. साताऱ्यात रयतचं धनंजयराव गाडगीळ वाणिज्य कॉलेज आहे. ते धनंजयराव म्हणजे मोठे अर्थतज्ज्ञ. विठ्ठलराव विखे पाटलांसोबत त्यांनी प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. माधवराव हे त्यांचेच चिरंजीव. बापानं आपल्याला ऊस आणि कारखाना दिला आणि पोरगा डोंगर राखा म्हणून सांगत फिरला. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं अर्धं भांडण या एका घरात मावतं. त्या कॉलेजच्या दारातून रोज शेकडो पोरं जातात. दोन्ही गाडगीळांवर मिळून एक तास शिकवला, तर पर्यावरणाच्या पेपराला निदान सुरुवात होईल.

दुसरा अनुभव जनसुनावणीचा. आपल्या पट्ट्यात कारखान्यांच्या डिस्टिलरीचे विस्तार सारखे चालू असतात. त्यासाठी पर्यावरणाची मंजुरी लागते आणि जनसुनावणी घ्यावी लागते. अशा एका सुनावणीला मी गेलो होतो, कारखान्याचं नाव घेत नाही. मांडव, खुर्च्या, जेवणाचा वास. दोन तास भाषणं झाली, सगळी रोजगारावर. आमच्या गावची किती पोरं घेणार, ठेका कुणाला, रस्ता कधी करणार. सांडपाणी कुठं सोडणार, हे कुणी विचारलं नाही. तिथं टेबलावर जाडजूड इंग्रजी अहवाल ठेवला होता. मी चाळला. मध्येच एका पानावर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या नदीचं नाव. कुठून तरी उचलून चिकटवलेलं. झेरॉक्सच्या दुकानातला आमचा प्रकल्प आठवला. फरक एवढाच की या प्रकल्पावर नदी पणाला लागते.

शेवटी एक म्हातारे शेतकरी उठले. म्हणाले, "साहेब, आता जे बोलणं झालं ते वाचून दाखवा." अधिकारी जरा गडबडले, पण त्यांनी वाचून दाखवलं. मला वाटलं बाबा सहज बोलले. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाले, "कायद्यातच हाय ते. २००६ च्या अधिसूचनेत." आणि खरंच आहे. सुनावणी संपताना मांडलेले मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे, चित्रीकरण करायचं, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत आधी उपलब्ध करायचा, तीस दिवस आधी नोटीस द्यायची, हे सगळं त्यात लिहिलंय. सुनावणीला किमान इतकी माणसं हवीत, अशी अटसुद्धा नाही, हेही त्यात लिहिलंय. म्हणजे आपण गेलो नाही तरी सुनावणी 'झाली' असंच धरतात. त्या बाबांना हे कुणी शिकवलं? त्यांचा पुतण्या पुण्यात वकिली शिकत होता, त्यानं. घरात एक शिकलेला माणूस होता तर मांडवातलं चित्र तेवढ्यापुरतं का होईना बदललं. मंजुरी मिळाल्यावर हरित न्यायाधिकरणात जायची मुदत तीस दिवस असते आणि त्याचं पश्चिमेचं पीठ आपल्या जवळ पुण्यातच आहे, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. माझी तोवर पत्रकारितेत पंधरा वर्षं झाली होती.

भाषेचं म्हणाल तर २०२० चं आठवा. लॉकडाऊनमध्ये केंद्रानं याच पर्यावरण मंजुरीच्या नियमांचा नवा मसुदा आणला. माणसं घरात कोंडलेली आणि मसुदा इंग्रजी-हिंदीत. दिल्ली हायकोर्टानं ३० जून २०२० ला सांगितलं, आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत तो द्या, आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत नेली. केंद्रानं भाषांतर केलं का? उलट या आदेशाविरुद्ध ते सुप्रीम कोर्टात गेलं. आपल्याला कळू नये यासाठी कोर्टात वकील उभे करायचे, त्यांची फी आपल्याच करातून. तरीही देशभरातून लाखांनी हरकती गेल्या आणि त्यात कॉलेजची पोरं फार होती.

आता कुणी म्हणेल, हे सगळं दिल्ली-मुंबईचं, आपल्या पोटापाण्याशी काय संबंध? सांगलीकरांनी तरी हे म्हणू नये. पावसाळ्यात सांगलीत शेंबडं पोरगंही क्युसेक बोलतं. कोयनेतून किती सोडलं, आयर्विन पुलाला किती फूट झालं, सगळं तोंडपाठ. ४५ फुटाला धोका पातळी, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटली तो दिवस मी विसरू शकत नाही. पण पुढचं विचारा. निळी रेषा म्हणजे काय आणि लाल रेषा म्हणजे काय? निळी रेषा ढोबळमानानं पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषांवर तुमच्या प्लॉटची किंमत आणि घराचा परवाना अवलंबून आहे. त्या नकाशात कोण काढतं, कधी बदलतं, नाल्यावर उभ्या राहिलेल्या इमारतींना परवानगी कुणी दिली, हे विचारायला आपल्याकडं क्युसेक बोलणारी जनता आहे, वाचणारी नाही.

आपण एक उत्तर पक्कं धरून बसलोय, अलमट्टी. नंदकुमार वडनेरे समिती २०१९ च्या पुरानंतर नेमली, मे २०२० मध्ये तिचा अहवाल आला. सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही, असं तिनं म्हटलं. बऱ्याच कार्यकर्त्यांना ते पटलेलं नाही. कर्नाटकाला अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायची आहे, आणि त्यामुळं धास्ती वाटणं साहजिक आहे. त्यावर भांडायलाच हवं. पण आकडे घेऊन भांडणारे किती आणि ठोकून देणारे किती? अलमट्टीला शिव्या दिल्या की आपल्या हद्दीतल्या बिल्डरला, नगरसेवकाला, धरणातून पाणी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही. अलमट्टी परराज्यात आहे, तिथं आपलं मतदान नाही. हे ओळखता येणं म्हणजेच पर्यावरणाचं राजकारण शिकणं.

आणि जतचं? दाजींना मी हेच सांगायला हवं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेतून 'जलदूत' रेल्वे भरून लातूरला पाणी गेलं. देशभर कौतुक झालं, आम्हीही भरभरून छापलं, आणि ते कौतुक खोटं नव्हतं. पण मिरजेपासून लातूर लांब आहे की जत? जतच्या पूर्व भागातल्या गावांनी २०१२ मध्ये पाण्यावाचून वैतागून कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तोच धागा पकडला तेव्हा आपल्याला अस्मिता आठवली. त्याच जिल्ह्यात कृष्णाकाठी ऊस पाण्यात उभा असतो आणि जमिनी खारावून चिबड होतात. एकीकडं पाण्यानं जमीन मेली, दुसरीकडं पाण्याविना. पाऊस कमी-जास्त पडतो हे निसर्गाचं झालं. पण कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायचं, म्हैसाळचं पंपाचं बिल कुणी भरायचं, आवर्तन कुठल्या गावापर्यंत पोचवायचं, हे माणसांनी बसून ठरवलेलं आहे.

आणि हे आपल्या लोकांनी एके काळी शिकून घेतलेलं आहे. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात दुष्काळ पडला. मुंबईतला गिरणी संप मोडलेला, कामगार गावी परतलेले. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीत प्रश्न विचारला, आमच्या नदीची वाळू कुणाची? थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. त्यासाठी पावसाचा, जमिनीचा, पिकांचा हिशोब त्यांनी स्वतः मांडायला घेतला, के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते मदतीला आले, आणि बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. पाण्याचा वाटा भूमिहीनालासुद्धा, हे त्यांनी ठरवलं. भारत पाटणकर त्यात होते, गेल ऑम्व्हेट होत्या. अमेरिकेतल्या बर्कलेतून डॉक्टरेट केलेली ही बाई वाळव्यातल्या कासेगावची सून झाली, ऑगस्ट २०२१ मध्ये तिथंच गेली. जगभरच्या विद्यापीठांत तिची पुस्तकं वाचतात. आमच्या किती कॉलेजांच्या लायब्ररीत आहेत? पुढं नागनाथअण्णांनी आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, समन्यायी पाणीवाटपाची मागणी तेरा दुष्काळी तालुक्यांत पोचवली. दर वर्षी तिथं धोतर-टोपीवाले शेतकरी तास-तास टीएमसीची गणितं ऐकत बसायचे. मी उमेदवारीत असताना तिथं गेलो होतो. खरं सांगतो, माझ्या पदविकेच्या वर्गात एवढं लक्ष देऊन कुणी ऐकलं नाही. त्यात मीही आलो.

ती पिढी आता थकली, काही गेली. आता जे येतंय ते जास्त किचकट आहे. सातारा, पाटण, जावळी भागातल्या २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर'चा आराखडा, आणि तो करायचं काम रस्ते विकास महामंडळाकडं. रस्ते बांधणाऱ्याच्या हातात डोंगराचा नकाशा. गाडगीळ अहवालात घाटात नवी गिरिस्थानं नकोत असं स्पष्ट होतं. तारळीवर पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची असा १५०० मेगावॅटचा प्रकल्प. कासला गुरं चरली तर फुलं टिकतात की बंद केली तर टिकतात, हा वाद. कुंपण घालून झालं, काढूनही झालं. यातलं सगळंच वाईट आहे असं माझं मत नाही. वीज लागणारच आहे, डोंगरातल्या पोरांना कामही हवंच आहे. पण बाजूनं बोलायचं असो नाहीतर विरोधात, कागद वाचता यायला हवा.

म्हणून मला वाटतं, हा विषय शिकायला आमच्या पोरांना मुंबई-दिल्लीला जावं लागणं हेच चुकीचं आहे. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीरांच्या नावानं विद्यापीठ आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, तिथं पाण्याचे नमुने तपासायला शिकवतात, ते उत्तमच. पण नमुना खराब निघाल्यावर काय करायचं, ते राज्यशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवायला हवं, आणि मराठीतून. फार खर्चाचं काम नाही. त्या सक्तीच्या पेपरातला झेरॉक्सचा प्रकल्प बंद करा. त्याऐवजी प्रत्येक पोरानं आपल्या गावाची जैवविविधता नोंदवही ग्रामपंचायतीत जाऊन बघावी. २००२ च्या कायद्यानं ती असायला हवी. आहे का, कुणी भरली, गावातल्या कुणाला विचारून भरली, एवढंच लिहावं. एखादी अधिसूचना मराठीत दोन पानांत उतरवावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. प्राध्यापक मंडळींपैकी कुणी हे आधीच करत असेल तर सांगा, मी बातमी करतो, आणि या वेळी नीट वाचून करतो.

आता दाजींचा खरा प्रश्न, पोट. इथं मी भाचीला खोटी आशा लावणार नाही. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेससारख्या ठिकाणी हे शिक्षण मिळतं, त्यांचं तुळजापूरलाही केंद्र आहे. पण प्रवेश परीक्षा, इंग्रजी, शहरातला खर्च, सगळं आहे. नोकऱ्या आहेत, पण फौजदाराच्या भरतीसारख्या गावाला दिसतील अशा नाहीत. संस्था, सल्लागार कंपन्या, संशोधन प्रकल्प, आणि बऱ्याचशा करारावर. गंमत म्हणजे जनसुनावणीतला तो चिकटवलेला अहवाल लिहिण्याचीसुद्धा नोकरीच असते, आणि तिथंच पगार बरा मिळतो म्हणतात. ती तिकडं गेली तर मी काय बोलणार? निदान नदीचं नाव तरी बरोबर लिहील.

काल दाजींना पुन्हा फोन केला. झाडांचं काही बोललो नाही. विचारलं, "दाजी, म्हैसाळचं आवर्तन तुमच्या गावाच्या अलीकडं का थांबतं, हे कुणी ठरवलं?" ते बराच वेळ बोलत राहिले. अधिकारी, पुढारी, पंपाचं बिल, वरच्या गावातले चोरून टाकलेले पाइप. शेवटी म्हणाले, "पण ह्ये सगळं तिला शिकीवत्यात व्हय?" मी म्हटलं, हेच शिकवतात. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी फी विचारली. हो म्हणालेले नाहीत अजून.

भाचीला मी माझं ते जुनं कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं, 'गावे उठणार'वालं. तिचा उलटा मेसेज आला: "मामा, पुढं कधी प्रबंध लिहिला तर हे वापरू का? तुमच्या नावासकट?" वापर म्हटलं.

पाटण, जावळी, शिराळा भागातल्या मित्रांना एक विनंती. त्या काळात तुमच्या ग्रामसभेनं केलेल्या ठरावाची प्रत कुणाकडं असेल, तर फोटो काढून इनबॉक्सला पाठवा. बाजूचा असो नाहीतर विरोधातला. आमच्या त्या गुरुजींच्या फायलीपासून सुरुवात केलीये.